दूध आपलं, मग संस्था कुणाची?

संध्याकाळच्या धारा आटोपल्या असतील, किटली डेअरीवर पोचली असेल. आता दोन घटका निवांत बसा. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या किटलीतल्या दुधाबद्दलच. ते दूध आपण कुणाला घालतो, का घालतो आणि त्यातून आपल्या हातात काय पडतं, याबद्दल.

विषय निघाला तो आमच्या गटाच्या बैठकीत. आमचे गट खटाव आणि खानापूर या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या गावांमधले. पाऊस बेभरवशाचा, वैरण बऱ्याचदा विकतची. कृष्णाकाठाकडून उसाचं वाडं येतं तेव्हा दावणीचं भागतं. अशा ठिकाणी दुधाचं दहा दिवसांचं बिल म्हणजे घराचा किराणा, पोरांची फी आणि गटाचा हप्ता. बैठकीत एका ताईंनी सांगितलं, “खासगी गाडीवाला दारात येऊन दूध नेतो म्हणतोय, संस्थेपेक्षा लिटरला तीन रुपये जास्त. आपण सगळ्यांनी संस्थेतलं खातं बंद करायचं का?” त्यावर दोन बैठका भांडणात गेल्या. निम्म्या जणी म्हणाल्या, तीन रुपये कोण सोडतं? निम्म्या म्हणाल्या, संस्था मोडली तर पुन्हा उभी राहायची नाही. तेव्हा आम्ही ठरवलं, आधी दूध संस्था म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, मग निर्णय करू. आम्हाला जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

ही कल्पना आली कुठून?

गुजरातेत खेडा जिल्हा आहे. तिथल्या शेतकऱ्यांचं दूध मुंबईला जायचं. मक्ता पोल्सन नावाच्या खासगी डेअरीकडे होता आणि शेतकऱ्याला दर किती द्यायचा ते व्यापारी ठरवायचे. शेतकरी सरदार पटेलांकडे गेले. सल्ला मिळाला की स्वतःची सोसायटी काढा. १९४६ साली त्यांनी पंधरा दिवस दूध घालणंच बंद केलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात संघ नोंदवला. त्रिभुवनदास पटेल अध्यक्ष झाले. पुढे डॉ. वर्गीस कुरियन येऊन मिळाले. सुरुवात झाली दोन गावच्या संस्था आणि रोजच्या २४७ लिटर दुधापासून. तोच आजचा अमूल.

त्या नमुन्यावर देशभर संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडे कराडचा कोयना दूध संघ, वाळवा तालुक्यातला राजारामबापू पाटील दूध संघ, शेजारी कोल्हापूरला १९६३ पासूनचा गोकुळ आणि वारणानगरचा वारणा. या सगळ्यांची नावं आपण दुधाच्या पिशवीवर रोज वाचतो.

रचना तीन पायऱ्यांची आहे. खालची पायरी गावची दूध संस्था. आपण तिचे सभासद. मधली पायरी तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा दूध संघ. गावच्या संस्था त्याच्या सभासद. वरची पायरी राज्याचा महासंघ, म्हणजे ‘महानंद’. जिल्ह्याजिल्ह्यांतले आणि तालुक्यांतले संघ त्याचे सभासद. दूध खालून वर जातं आणि पैसा वरून खाली येतो. मधे मालक कुणी नाही. मालक आपणच, असं कायदा सांगतो.

संस्थेचं बळ कशात आहे?

पहिलं बळ म्हणजे मत. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचं वजन जास्त. सहकारी संस्थेत पाच म्हशींवाल्यालाही एकच मत आणि एका शेळीमागून कशीबशी एक गाय घेतलेल्या बाईलाही एकच मत. गरिबाच्या बाजूने याहून मोठी गोष्ट नाही.

दुसरं बळ म्हणजे फरक. वर्षभराचा नफा झाला तर त्यातला चौथा हिस्सा राखीव निधीला ठेवावा लागतो आणि शेअरवरचा लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. म्हणून उरलेल्या नफ्यातून, ज्याने जेवढं दूध घातलं त्या मापात लिटरमागे फरक देण्याची पद्धत पडली. दिवाळीच्या तोंडावर आपल्याला फरक बिल मिळतं ते यामुळेच. तो संस्थेचा उपकार नाही, आपल्याच दुधाचे मागे राहिलेले पैसे आहेत.

तिसरं बळ म्हणजे दूध नाकारलं जात नाही, निदान नाकारायचं नसतं. पावसाळा संपल्यापासून थंडीपर्यंत दूध वाढतं. त्याला पुष्टकाळ म्हणतात. उन्हाळ्यात आटतं तो कृशकाळ. उन्हाळ्यात प्रत्येकाला दूध हवं असतं, पण पुष्टकाळात तेच दूध जड होतं. अशा वेळी संघाकडे भुकटी आणि लोणी करायची सोय असेल तर जादा दूध मुरतं. २०२० च्या टाळेबंदीत हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद पडली, दूध कुणी घेईना. तेव्हा राज्य सरकारने रोज दहा लाख लिटरपर्यंत जादा दूध २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायची योजना आणली. ती राबवता आली, कारण संस्था आणि संघांची साखळी आधीपासून उभी होती.

चौथं बळ म्हणजे दुधाबरोबरच्या सोयी. उधारीवर गोळीपेंड, रेतन, जनावरांचा डॉक्टर, अडीअडचणीला उचल. रात्री गाय अडली की या सोयीची किंमत कळते.

मग दुखतंय कुठे?

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर हे बोलणं खोटं ठरेल.

पहिलं दुखणं आहे काट्यावर आणि फॅटवर. आपण म्हणतो, “आज तीन-दोन लागली.” ती कशी लागली हे किती जणी पाहतात? गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात. त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. आम्ही वहीवर एक हिशोब मांडला. समजा, गाय रोज दहा लिटर देते आणि फॅटच्या एका पॉइंटला पन्नास पैसे कापले जातात. खरी फॅट ३.५ असताना ३.२ लागली तर लिटरला दीड रुपया गेला. वर्षाचं दूध ३,६५० लिटर. म्हणजे ५,४७५ रुपये गेले. आता समजा, त्याच संस्थेने दिवाळीला लिटरमागे दीड रुपया फरक दिला. तोही ५,४७५ रुपयेच. आपण पेढे वाटतो, पण ते आपलेच कापलेले पैसे असू शकतात. मापाचंही तसंच. एका वेळेला ५० मिली मागे राहिलं तर दोन्ही वेळचं मिळून वर्षाला साडेछत्तीस लिटर होतं.

प्रत्येक वेळी लबाडीच असते असं नाही. सकाळच्या दुधापेक्षा संध्याकाळच्या दुधाला बऱ्याचदा फॅट जास्त असते. पहिल्या धारेचं दूध पातळ आणि शेवटच्या धारेचं दाट असतं. वासराला शेवटचं दूध सोडलं तर फॅट कमीच लागणार. नमुना घेण्याआधी दूध ढवळलं नाही तरी आकडा चुकतो. म्हणून भांडायच्या आधी समजून घ्यावं. पण समजून घ्यायला पावती हातात लागते, आणि पुष्कळ ठिकाणी ती मिळतच नाही.

दुसरं दुखणं राजकारणाचं. दूध संस्था म्हणजे गावातली रोजची दोन वेळची सभाच. तिथे ज्याचा जम बसतो त्याला पुढची निवडणूक सोपी जाते. म्हणून संचालक दुधाचं गणित जाणणारा असण्यापेक्षा गटातटाचा असतो. एका गटाच्या संस्थेतून फुटून दुसऱ्या गटाची संस्था निघते. एका गावात तीन संस्था, तिघींचं दूध थोडं थोडं आणि तिन्हीकडे सचिव, टेस्टर, भाडं यांचा खर्च मात्र पुरा. तो खर्च आपल्याच दुधातून जातो.

तिसरं दुखणं वरच्या पायरीवरचं. गुजरातेत १९७३ साली महासंघ झाला आणि सगळे जिल्हे अमूल या एकाच नावाखाली दूध विकू लागले. आपल्याकडे बहुतेक संघांची पिशवी वेगळी. तालुक्याचा संघ जिल्ह्याच्या संघाशी आणि दोघं मिळून शेजारच्या जिल्ह्याशी पुण्या-मुंबईच्या बाजारात झुंजतात. राज्याचा महासंघ १९६७ साली झाला, पण तो सगळ्यांना एका छत्राखाली आणू शकला नाही. तोटा वाढत गेला आणि २०२४ साली महानंदचा कारभार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे सोपवावा लागला. मधल्या काळात, १९९१ नंतर, खासगी डेअऱ्यांना वाट मोकळी झाली. आज महाराष्ट्रातलं निम्म्याहून बरंच जास्त संकलित दूध खासगीकडे जातं.

खासगी म्हणजे वाईट असंही आम्ही म्हणत नाही. भिलवडीत चितळ्यांनी १९३९ साली धंदा सुरू केला, आणंदचा संघ निघायच्याही आधी, आणि तो आजही उभा आहे. पण तिथे आपण दूध विकणारे असतो, मालक नसतो. दर पटला नाही तर दूध बंद करणं एवढंच आपल्या हातात राहतं.

चौथी गोष्ट म्हणजे दर संस्थेच्याही पूर्ण हातात नसतो. भुकटीचा भाव बाजारात कोसळला की सहकारी काय आणि खासगी काय, सगळ्यांचे दर उतरतात. जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने मुंबईचं दूध रोखलं तेव्हा हेच झालं होतं. चौथ्या दिवशी लिटरला २५ रुपये दर जाहीर झाला तेव्हा आंदोलन थांबलं. २०२३ च्या अखेरीस पुन्हा दर पडले. तेव्हा सरकारने लिटरला पाच रुपयांचं अनुदान आणलं. आधी ते सहकारी संघांपुरतंच जाहीर झालं होतं, मग खासगीला दूध घालणाऱ्यांनाही मिळालं. संस्था म्हणजे ढाल आहे. ढालीने घाव झेलता येतो, पण लढाईच थांबत नाही.

सगळ्यात मोठं दुखणं

हे आम्ही मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. शेण-घाण कोण काढतं? धार कोण काढतं? वैरणीचा भारा कुणाच्या डोक्यावर? किटली घेऊन डेअरीवर कोण जातं? आणि संस्थेत नाव कुणाचं?

आमच्या गटातल्या सोळा जणींनी आपापली कार्डं पाहिली. दूध सोळाही जणी घालतात. सभासद होत्या फक्त दोघी. बाकी चौदा जणींच्या घरी खातं नवऱ्याचं, सासऱ्याचं, एका घरात तर वारलेल्या सासऱ्याचं. एका वहिनींना फरक बिल निघाल्याचं दोन महिन्यांनी शेजारणीकडून कळलं. पैसे खात्यावर आले आणि खर्चूनही झाले. अनुदानाच्या वेळीही तेच झालं. गाईच्या कानातला बारा अंकी बिल्ला आणि आधारला जोडलेलं बँक खातं मागितलं, तेव्हा गाय जिच्या कर्जाच्या हप्त्यावर आली तिचं नाव कुठेच नव्हतं.

आम्ही संस्थेला नावं ठेवतो, “तिथे आमचं कोण ऐकतं?” पण कागद पाहिला तर आम्ही तिथे कुणीच नव्हतो. जिचं नाव नाही तिला मत नाही, आणि जिला मत नाही तिच्या फॅटची चौकशी कोण करणार?

आम्ही काय केलं?

आधी तीन रुपयांचा हिशोब केला. मागच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या पाच जणी अशाच एका गाडीवाल्याकडे गेल्या होत्या. चार महिने लिटरला तीन रुपये जास्त मिळाले. दहा लिटरला १२० दिवसांचे ३,६०० रुपये. दिवाळीनंतर दूध वाढलं तसा त्याने दर संस्थेपेक्षा चार रुपये खाली आणला, तीन महिने. ९० दिवसांचे ३,६०० रुपये गेले. मिळवलेलं तिथेच फिटलं, वर संस्थेचा त्या दिवसांचा फरक बुडाला. पुढे गाडी संध्याकाळची यायची बंद झाली. एका ताईंनी गटाच्या कर्जातून दोन गाई घेतल्या होत्या. त्यांचे तीन हप्ते थकले आणि एक गाय बाजारात न्यावी लागली. त्या परत संस्थेत गेल्या तेव्हा त्यांना ऐकवण्यात आलं, “गेला होता ना तिकडं?” आपल्याच संस्थेत त्यांना आठ दिवस खेटे घालावे लागले. हे दोन्ही आम्ही पाहिलं आहे, म्हणून कुणा एकाची बाजू घेऊन बोलत नाही.

मग आम्ही सगळ्या जणी मिळून गावच्या संस्थेत गेलो. एकटी गेली की “घरच्याला पाठवा” म्हणतात. सोळा जणी गेलो तर खुर्च्या आणल्या. आम्ही पाच गोष्टी मागितल्या. दोन्ही वेळची छापील पावती, माप, फॅट, एसएनएफ आणि दर लिहिलेली. काटा आणि टेस्टर कधी तपासले त्याची तारीख भिंतीवर. बिलातून काय काय कापलं ते वेगळं लिहून. वार्षिक सभेची नोटीस प्रत्येक सभासदाच्या हातात. आणि आम्हा बायकांना सभासदत्वाचे अर्ज.

सचिव पहिल्यांदा नाराज झाले. म्हणाले, “एवढी वर्षं कुणी विचारलं नाही.” आम्ही म्हणालो, “म्हणूनच आलो.” पावती पंधरा दिवसांत सुरू झाली. तपासणीची तारीख अजून भिंतीवर लागलेली नाही, मागणी चालू आहे. अर्ज नऊ जणींनी भरले, सहा मंजूर झाले. दोघींच्या घरी यावरून वाद झाला, त्यांनी थांबायचं ठरवलं. आम्ही त्यांना जबरदस्ती केली नाही. तिघी जणी गाडीवाल्याकडे गेल्या, त्यांच्याशीही आमचा अबोला नाही. बाकीच्या संस्थेत राहिल्या, पण डोळे उघडे ठेवून.

तुम्ही काय करू शकता?

कायद्याने सभासदाला काय दिलं आहे ते लक्षात ठेवा. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस चौदा दिवस आधी मिळायला हवी. संस्थेचा पोटनियम, तपासलेला ताळेबंद, सभासदांची यादी, सभांची इतिवृत्तं आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराची नोंद सभासदाला फुकट पाहता येते. नक्कल हवी असेल तर फी पडते. संचालक मंडळात दोन जागा बायकांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर बहुतेक ठिकाणी चेअरमनच्या घरची नावं असतात आणि सही घरी जाऊन घेतली जाते. ती जागा भरायला धार काढणारी बाई उभी राहिली तर कुणी अडवू शकत नाही. सभासदांनी सभेला हजर राहणंही गरजेचं आहे.

आणि एक वही ठेवा. तारीख, सकाळचं माप आणि फॅट, संध्याकाळचं माप आणि फॅट, पेंडीचा खर्च. महिन्याभरात वहीच बोलायला लागते. आमच्या एका मावशींना लिहिता येत नाही. त्यांची नात रोज संध्याकाळी लिहिते आणि मावशी आकडे तोंडपाठ सांगतात. सभेत सगळ्यात आधी त्यांनीच हात वर केला.

सख्यांनो, गाडीवाला चांगला की संस्था चांगली, या प्रश्नाचं उत्तर आम्ही तुम्हाला देणार नाही. आम्हाला एवढंच उमगलं की संस्था आपोआप आपली होत नाही. ती आपली होते ती नावाने, पावतीने आणि सभेतल्या हजेरीने. या तीन गोष्टी नसतील तर संस्थाही दुसऱ्या कुणाची तरी खासगी डेअरीच.

उद्या सकाळी किटली घेऊन जाल तेव्हा खिडकीशी थोडं थांबा आणि विचारा, “आमच्या घरचं खातं कुणाच्या नावावर आहे?” जे उत्तर मिळेल ते गटाच्या पुढच्या बैठकीत सांगा. आम्हालाही कळवा.